शनिवारच्या कोपऱ्यावरचे टेबल

मी एक जुने घडीचे टेबल आहे. चार पाय, एक लांब फळी आणि मधोमध बिजागऱ्या. मित्रांनो, टेबलाला कसले आले आहे चरित्र, असे तुम्हाला वाटेल. पण मला जागेवरून उचलायला दोनदा सरकारची माणसे आली आणि एकदा आमचीच माणसे आली. तिन्ही वेळा मी हललो नाही. म्हणून सांगतो. जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे नुसते कानावर आले ते तसे सांगेन.

माझा जन्म १९७४ सालचा, ग्रीनॉकच्या यार्डातला. तिथे जहाजे बांधत. मला करणारा ह्यूई डेव्हनी हा जहाजांच्या केबिनी सजवणारा सुतार होता. यार्डात तेव्हा एक रीत होती. कंपनीच्या वेळात, कंपनीच्या उरल्यासुरल्या लाकडातून कामगार घरासाठी काहीतरी करून नेत. कुणी पाळणा करी, कुणी कोळशाची पेटी. त्याला चोरी म्हणायची पद्धत नव्हती, कारण मुकादमाच्या घरचा पाळणाही तसाच आलेला असे. ह्यूईला घराच्या भिंतींना कागद लावायचा होता आणि कागदाला खळ लावायला लांब टेबल हवे होते. केबिनीच्या आडभिंतीची फळी उरली होती. पाण्यात उकळली तरी सुटणार नाही अशा सरसाने ती जोडलेली होती. बिजागऱ्या पितळी, जहाजातल्या बिछान्याच्या. म्हणूनच मला पावसाची भीती नाही आणि खाऱ्या वाऱ्याचीही नाही.

घडी केली की मी मोठ्या पेटीएवढा होतो. ह्यूईने जुन्या पट्ट्याची मूठ ठोकली आणि संध्याकाळचा भोंगा झाल्यावर मला हातात घेऊन फाटकाशी आला.

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "काय रे ह्यूई, पेटीत काय?"

"पियानो."

"एवढासा?"

"घडीचा आहे."

"मग रविवारी ऐकायला येतो," तो म्हणाला आणि त्याने आकाशात बगळे शोधायला सुरुवात केली. मी बाहेर आलो.

पहिली काही वर्षे माझ्या पाठीवर खळ सांडली. लाल गुलाबांचा कागद, मग पट्ट्यांचा, मग हिरवा. ह्यूईची मुलगी बर्नी हिच्या वाढदिवसाचा केक माझ्यावर कापला गेला आणि सुरीची ती खूण अजून आहे. घरातले टेबल म्हणून मी बरा होतो. त्याहून जास्त काही व्हायचे माझ्या मनात नव्हते.

मग यार्ड बंद होणार अशी बातमी आली. ह्यूई कामगारांचा प्रतिनिधी होता. त्याने मला फाटकाबाहेर रस्त्यावर उघडले आणि माझ्यावर सह्यांचे कागद ठेवले. तेव्हाच त्याने एक नियम घालून दिला. टेबलामागे कुणी उभे राहायचे नाही. "मागे उभा राहतो तो दुकानदार. पुढे उभा राहतो तो शेजारी," असे तो म्हणे. त्यामुळे आमची माणसे आणि येणारीजाणारी माणसे सगळी माझ्या एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून उभी राहत. कोण कुठल्या बाजूचा हे लांबून ओळखू येत नसे.

पोलीस आले. "रस्ता अडतोय. टेबल उचला."

ह्यूईने मागच्या कुलूपबंद फाटकाकडे पाहिले. "साहेब, हजार माणसांचा रस्ता त्यानं अडवलाय. आधी ते उचला, मी मागोमाग हे उचलतो."

मला कुणी उचलले नाही. यार्ड मात्र बंद पडले. ह्यूईने मिळेल तिथे सुतारकाम धरले.

नंतर डोईपट्टी आली. महालात राहणाऱ्याला आणि एका खोलीत राहणाऱ्याला डोईमागे सारखाच कर, असा तो कायदा होता. आमच्या चाळीसारख्या दगडी इमारतीत कुणीच तो भरला नाही. अगदी वरच्या मजल्यावर इना लोगन राहत होती. ती विधवा होती आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची. कोर्टाचे बेलीफ तिच्या सामानाची किंमत करायला आले, म्हणजे पुढे लिलाव करता यावा. बर्नी तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिने मला ओढत आणले आणि जिन्याच्या तोंडाशी आडवे उघडले. माझ्यावर चहाची किटली ठेवली. मागे पायरी पायरीवर शेजारी बसले. ह्यूई सगळ्यांत खालच्या पायरीवर होता.

"टेबल बाजूला घ्या," बेलीफ म्हणाला.

"चहा तरी घ्या आधी," बर्नी म्हणाली.

वरून इनाचा आवाज आला. "साहेब, माझ्या घरात किमतीची वस्तू एकच आहे, ती म्हणजे मी! किती बोली लावता?"

जिना हसला. बेलीफांतला तरुण होता तोही हसला आणि मग तोंड फिरवून उभा राहिला. ते परत गेले. पुन्हा आले आणि पुन्हा परत गेले. पुढे तो करच रद्द झाला. एकट्या माझ्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही. तशी टेबले तेव्हा स्कॉटलंडभर उभी होती.

त्यानंतर वीसएक वर्षे मी ह्यूईच्या दाराआड, इस्त्रीच्या फळीमागे पडून होतो. कोळ्यांनी माझ्या पायांत जाळी विणली. पाय साध्या लाकडाचे, त्यांतल्या एकाचे खालचे टोक ओलीने फुगले. लोक मला विसरले असे मी म्हणत नाही. मला कुणी काम सांगितले नाही, एवढेच. पण मित्रांनो, टेबलाला दोन्ही सारखेच.

सार्वमताच्या आदल्या वर्षी बर्नी मला न्यायला आली. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळे होऊन स्वतंत्र देश व्हावे की नाही, असा प्रश्न होता. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. बर्नी आता चाळिशी ओलांडलेली होती, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती आणि गावातल्या छोट्या समाजवादी मंडळाचे काम तिच्या गळ्यात होते. ते मंडळ 'हो'च्या बाजूचे होते. ह्यूई ऐंशीला टेकला होता आणि जन्मभराचा समाजवादी होता. तो 'नाही'च्या बाजूचा होता.

"बाबा, टेबल दे."

"कशाला?"

"कशाला ते तुला ठाऊक आहे."

"मग हेही ठाऊक असेल की देणार नाही. माझं टेबल आहे."

"लाकूड कंपनीचं, सरस कंपनीचा, वेळ कंपनीचा. तुझं त्यात काय आहे रे?"

"हात."

ह्यूईने चहा ओतला. मग तो म्हणाला, "आम्ही यार्ड वाचवायला बसलो तेव्हा तिकडे इंग्लंडातून लिव्हरपूलच्या गोदीवाल्यांनी ट्रकभर बटाटे पाठवले होते. विसरलीस? तुझी आई दोन महिने तेच शिजवत होती. त्यांना तिकडे एकटं टाकून मी इकडे नवा झेंडा लावून बसू?"

"बटाट्याला सरहद्द आडवी येत नाही, बाबा."

"झेंडा बदलून मालक बदलत नाही, पोरी."

"मालक बदलायचा तर तो आधी हाताच्या अंतरावर यायला हवा. आज तो चारशे मैलांवर लंडनमध्ये आहे. आपण मत देतो एकाला आणि राज्य करतो भलताच."

चहा निवेपर्यंत हे चालले. शेवटी ह्यूई उठला, इस्त्रीची फळी बाजूला केली आणि माझी मूठ धरली. "ने. पण एक अट आहे. दर शनिवारी मी येणार आणि टेबलापुढे उभा राहून मला म्हणायचं ते म्हणणार. मला गप्प बसवलंस त्या दिवशी टेबल परत."

"ये की. तुला उत्तर देता येत नसेल तर मी लोकांकडे मत मागू कशाला?"

अशी ती जागा ठरली. माझ्यापुढे, उजव्या पायाशी, ह्यूईची जागा. बर्नीला सार्वमत जिंकायचे होतेच, पण ती जागा मोकळी पडू द्यायची नव्हती. आई गेल्यापासून त्या दोघांचे बोलणे म्हणजे हे भांडणच उरले होते.

आमचा कोपरा पाववाल्याच्या दुकानाशेजारी होता. तिथून उतारावरून खाडी दिसते. ग्रीनॉकमध्ये पाऊस पडतो की नाही हे कुणी विचारत नाही, तिरपा की सरळ एवढेच विचारतात. माझ्या पायांना वाळूने भरलेले रंगाचे डबे बांधलेले असत. माझ्यावर पत्रके, बिल्ले आणि कडेला इनाने केलेल्या दूध-साखरेच्या वड्या. इना आता पंचाहत्तरीची होती. थांबेल त्याला ती वडी देई, 'हो'वाल्याला आणि 'नाही'वाल्यालाही.

"अगं इना, 'नाही'वाल्यांना का देतेस?" असे कॉर्मॅकने एकदा विचारले. कॉर्मॅक रीड हा मंडळातला बसचालक, जिभेने तिखट.

"वडीनं दात चिकटतात," इना म्हणाली. "तेवढा वेळ बर्नीला बोलायला मिळतो."

आणि ह्यूई येई. टोपी डोळ्यांवर, हात खिशात. वेगळे झालो तर म्हाताऱ्यांचे पेन्शन जाईल, हे त्याचे ठरलेले म्हणणे.

"काय विकतेस आज?"

"तुझं पेन्शन, बाबा. चांगला भाव आलाय."

लोक थांबत. बापलेकीचे भांडण फुकट पाहायला मिळते म्हणून थांबत आणि पत्रक घेऊन जात. एकदा दोघे ऐन रंगात असताना समोरच्या पाण्यातून अण्वस्त्रांची काळी पाणबुडी जाऊ लागली. बर्नीने नुसते बोट दाखवले. "तिच्या एका फेरीच्या खर्चात माझ्या शाळेच्या मुलांना वर्षभर दूध मिळेल."

ह्यूईने मान फिरवून पाहिले. "ती मलाही नको. पण ती इथून हाकलली तर इंग्लंडातल्या कुठल्यातरी गरीब गावाच्या दाराशी जाईल. मला ती कुणाच्याच दाराशी नकोय."

"मग सुरुवात आपल्या दारापासून कर ना!"

पाववाला दारात येऊन टाळ्या वाजवू लागला. कुणासाठी, ते त्यालाही सांगता आले नसते.

उन्हाळा सरला तशी गर्दी वाढली. बिल्ले पुरेनात. कॉर्मॅक म्हणू लागला, "गाव आपलं आहे." मंडळातल्या सगळ्यांना तसेच वाटत होते. इथे त्यांची एक चूक झाली आणि ती मला दिसत होती. माझ्यापाशी थांबणारी माणसे ते मोजत होते. समोरच्या फरसबंदीवरून मान खाली घालून, पिशवी छातीशी धरून जाणारी माणसे त्यांनी मोजलीच नाहीत. ह्यूईने एकदा सांगितलेही होते. "थांबतात ते तुमचेच आहेत गं. जे थांबत नाहीत, ते काय मुके आहेत?" त्यावर कॉर्मॅक म्हणाला होता, "लाजतात ते. मत आपल्यालाच देतील."

गुरुवारी मतदान झाले. शुक्रवारी सकाळी निकाल आला. देशात शंभरांतले पंचावन्न 'नाही', पंचेचाळीस 'हो'. आणि आमच्या भागात 'नाही'ने जिंकले ते शंभराच्याही आतल्या मतांनी. इतके थोडके, की प्रत्येकाला आपण ओळखतो तीच माणसे कमी पडली असे वाटावे. बर्नीने त्या दिवशी शाळेत नेहमीप्रमाणे मासे तळले आणि मुलांना वाढले. हे मला इनाकडून कळले.

संध्याकाळी इनाच्या स्वयंपाकघरात मंडळ जमले. बसायला जागा पुरेना म्हणून मला वर नेऊन उघडले. माझ्याभोवती दहा-बारा माणसे होती आणि चहाला कुणी हात लावत नव्हते.

कॉर्मॅक म्हणाला, "शंभराच्या आत! आणि आपण काय केलं? वर्षभर दर शनिवारी एका 'नाही'वाल्याला आपल्याच टेबलापुढे उभं केलं. पेन्शन जाईल, पेन्शन जाईल, असं तो म्हातारा सांगत राहिला आणि आपण त्याला वड्या दिल्या."

"वड्या मी दिल्या," इना म्हणाली.

"ह्यूईनं पन्नास माणसं फिरवली असतील. पन्नास पुरली असती, बर्नी. तुझ्या बापानं हे गाव हरवलं आणि जागा तू दिलीस."

मला कुणी विचारले नाही. विचारले असते तरी पुरते उत्तर देता आले नसते. निळ्या रेनकोटातल्या एका बाईने ह्यूईचे बोलणे ऐकून हातातला बिल्ला हळूच माझ्यावर परत ठेवला होता. ती मी पाहिली. एक निवृत्त टपालवाला ह्यूईची बाजू घ्यायला आला आणि बर्नीचे उत्तर ऐकून बिल्ला लावून गेला. तोही मी पाहिला. असे आणखी किती, हे मला माहीत नाही. कॉर्मॅकलाही माहीत नव्हते. पण हरलेल्या माणसाला कुणाचे तरी नाव हवे असते, आणि ते नाव दोन मजले खाली राहत होते.

कॉर्मॅकने ठराव मांडला. टेबल शनिवारी लागेल, पण पुढे आपलीच माणसे उभी राहतील. ह्यूईला तिथे जागा नाही. आणि वर पाटी असेल: 'आम्हाला दोष देऊ नका, आम्ही हो म्हणालो.' मंडळाची रीत हात वर करून ठरवण्याची. हात वर झाले. बर्नीचा नाही, इनाचा नाही, बाकी बहुतेकांचे झाले.

"झाला ठराव," कॉर्मॅक म्हणाला.

"झाला," बर्नी म्हणाली. "मी तो पाळणार नाही."

"शिस्त म्हणून काही आहे की नाही, बर्नी? मतानं हरलीस तू."

"काल मतानं तूही हरलास. पंचावन्न विरुद्ध पंचेचाळीस. शिस्तच पाळायची तर चल, सगळेच घरी बसू, तोंड शिवून. बसतोस?"

कॉर्मॅकने निवलेला कप पुढे ओढला.

"नाही ना? मग एका मतदानानं आपलं तोंड बंद होत नसेल तर दुसऱ्यानं त्याचं कसं होईल?"

"तो जिंकलाय गं! त्याला तोंड कशाला हवं?"

"जिंकलाय म्हणूनच हवाय मला. टेबल त्याचं आहे. तुम्हाला दुसरं हवं असेल तर घ्या. प्लास्टिकची बरी मिळतात."

तिने माझ्यावरचे कप एकेक करून उचलले आणि माझी घडी केली. कॉर्मॅकने मूठ धरली. क्षणभर दोघे मला दोन बाजूंनी धरून उभे होते. मग इना म्हणाली, "कॉर्मॅक, सोड. तुझ्याच बोटावर मिटेल ते." त्याने मूठ सोडली. बाकीचे कुणाकडे न पाहता कोट चढवू लागले. बर्नीने मला खाली नेले आणि ह्यूईच्या दाराआड नेहमीच्या जागी टेकवले. आतून रेडिओ ऐकू येत होता. बापाला हाक न मारता ती गेली.

शनिवारी सकाळी ती आली तेव्हा ह्यूई घरच्या सपाता घालून दारात उभा होता. टोपी खुंटीवर होती.

"टेबल ने," तो म्हणाला. "मी येत नाही. इनानं सांगितलं मला सगळं. तिच्या पोटात वडीसुद्धा टिकत नाही."

"अट तुझीच होती."

"ती सार्वमतापुरती. आता मी तिथं उभा राहिलो तर लोक म्हणतील, म्हातारा जखमेवर मीठ चोळायला आला. आणि तुझी माणसं जातील. मला ते नकोय." मग त्याने विचारले, "खरंच मी पन्नास माणसं फिरवली का गं?"

"फिरवली असशील."

"आणि तरी मला न्यायला आलीस?"

"टेबल न्यायला आलेय. तू तुझ्या पायांनी ये." तिने मला उचलले. उंबऱ्यावर थांबली. "इतके दिवस तू प्रश्न विचारत होतास आणि मी उत्तरं देत होते. आता राज्य तुमचं. आता मी विचारणार आणि तू उत्तर द्यायचंस. घाबरलास तर तसं सांग."

"घाबरतो कोण?"

"मग टोपी घाल."

वारा जोराचा होता. बर्नी आणि इना, दोघीच होत्या. डबे बांधले, पत्रके दगडांखाली ठेवली. ह्यूई मागून हळूहळू उतारावरून आला आणि आपल्या जागी उभा राहिला. बर्नीने त्याला चहा दिला आणि लगेच विचारले, "बोल. 'नाही' म्हणालास. माझ्या स्वयंपाकघरातल्या दोघींना जानेवारीत काढणार आहेत. तुझ्या 'नाही'नं त्यांचं काय भलं होतंय ते सांग."

ह्यूईने टोपी मागे सारली. एवढ्यात अंगावर ब्रिटनचा झेंडा पांघरलेला एक माणूस आला. गावातला नव्हता, निदान मी त्याला पूर्वी पाहिला नव्हता. त्याने माझ्या फळीवर थाप मारली, इतकी की वड्या उडाल्या.

"बाई, निकाल लागला. हरलात. आता गुंडाळा हे आणि घरी जा."

बर्नी बोलणार तोच ह्यूई म्हणाला, "निकाल लागला हे मला सांगू नकोस. मीच लावलाय तो."

माणसाने हात पुढे केला. "मग तुम्ही आमचे!"

ह्यूईने हात खिशातून काढला नाही. "मी तुझा नाही. मी मत दिलं, गाव विकत घेतलं नाही. हे टेबल मी केलंय. याला गुंडाळ म्हणायला आधी पोलीस आले होते, मग बेलीफ आले. तू तर नुसती चादर पांघरून आलायस."

"आणि वड्यांचे पैसे?" इना म्हणाली. तिने कधीही पैसे घेतले नव्हते.

तो पुटपुटत गेला. ह्यूई लगेच बर्नीकडे वळला. "आता तुझ्या प्रश्नाचं. त्या दोघींना कुणी काढणार असेल तर मी उभा आहे. पण ते करतंय आपलंच इथलं गावचं सरकार, लंडन नाही. त्यावर बोल!"

"त्या सरकारला पैसे कोण कापून देतं, त्यावर तू बोल!"

आणि सुरू झाले. त्या दिवशी मी एक नवी गोष्ट पाहिली. समोरच्या फरसबंदीवरून नेहमी मान खाली घालून जाणाऱ्यांतले काही जण रस्ता ओलांडून आले. निळ्या रेनकोटातली बाईही आली. ती 'नाही' म्हणालेली होती आणि त्या दोघींपैकी एक तिची भावजय होती. स्वयंपाकघर वाचवायच्या पत्रकावर तिने ह्यूईनंतर सही केली. मंडळातले बाकीचे कुणी हे पाहायला तिथे नव्हते.

स्वयंपाकघरातली एक नोकरी वाचली, एक गेली. अर्धी जीत, असे बर्नी म्हणाली. अर्धी हार, असे ह्यूई म्हणाला. त्यावरही पुढचा एक शनिवार गेला.

कॉर्मॅक पुष्कळ दिवस आला नाही. त्याचे प्लास्टिकचे टेबल वाऱ्याने खाडीकडे नेले, असे ऐकले. थंडी पडल्यावर एकदा तो पाववाल्याकडून सॉसेज-पाव खात बाहेर आला, आमच्या कडेला उभा राहिला आणि बराच वेळ ऐकत राहिला. मग तोंडात घास असतानाच म्हणाला, "ह्यूई, तो पेन्शनचा आकडा तू चुकीचा सांगतोस."

"मग बरोबर तू सांग."

त्याने सांगितला. माफी त्याने मागितली नाही आणि कुणी मागायला लावली नाही. पुढच्या शनिवारी वाळूचे डबे त्याने आणले.

ह्यूई गेल्या हिवाळ्यात गेला. नव्वदीत होता. त्याचे मत शेवटपर्यंत 'नाही' होते. इस्पितळात परिचारिकेलाही त्याने ते पटवायचा प्रयत्न केला असे बर्नी सांगते. अंत्यविधी मंगळवारी झाला आणि शनिवारी मी कोपऱ्यावर होतो. पत्रके ठेवून झाली. माझ्या उजव्या पायाशी कुणी उभे नव्हते. बर्नी त्या बाजूला पाहत नव्हती. बिल्ले सारखे करत होती, सारखे असलेले पुन्हा सारखे करत होती.

कॉर्मॅकने गळ्यातला मफलर काढून खिशात कोंबला आणि तो त्या जागेवर जाऊन उभा राहिला.

"काय विकतेस आज?" तो म्हणाला.

बर्नीने वर पाहिले. "कॉर्मॅक, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. त्याची बाजू मांडायला कुणीतरी हवं. दहा वर्षं ऐकलीय मी, पाठ आहे." आणि त्याने लिव्हरपूलच्या बटाट्यांपासून सुरुवात केली. त्या गोदीवाल्यांना एकटे टाकून कुठे जाता, असे विचारले. आकडे बरोबर दिले. इतकी चांगली बाजू मांडली की बर्नी आधी रडवेली झाली, मग चिडली, आणि मग तिने त्याला असे सडेतोड उत्तर दिले की पाववाला दुकान टाकून बाहेर आला. त्या दिवशी पत्रके संपली.

मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, या टेबलाला आराम द्या. गावच्या संग्रहालयातून तसे विचारायला एक सज्जन आलेही होते. दोरी लावू, पाटी लावू, पाऊस लागू देणार नाही, असे म्हणाले. माझ्या वतीने बर्नी नाही म्हणाली ते बरे झाले. माझी काळजी घ्यायची असेल तर ती अशी घ्या. भिजलो तर उभा करून पुसा, आडवा ठेवून नको. बिजागरीला तेलाचा थेंब द्या. डगमगणारा पाय कागदाची घडी खाली सारून टेकवू नका, सुतार बोलवा. आणि तुमच्या घरात, दाराआड, असे कुणी पडून असेल तर त्याला कोपऱ्यावर घेऊन जा. तुमचे म्हणणे त्याच्यावर मांडा. मग जो तुम्हाला नाही म्हणतो त्याला बोलवा, चहा द्या आणि त्याच्याशी भांडा. हरलात तर पुढच्या शनिवारी पुन्हा जा.

आज वारा पश्चिमेचा आहे आणि पाऊस तिरपा. बर्नी दाराशी आली आहे. तिने माझी मूठ धरली आहे. कॉर्मॅक बाहेरून ओरडतो आहे, "अगं, आज तरी माझ्यासाठी उत्तर तयार ठेवलंस का?"

"तू ये तर पुढं," ती म्हणते आणि मला उचलते.